आंदण दिलेली माणसे

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ लोकांचे सोलापुरास जाणे-येणे असते. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या बाजूचा मनुष्य दवाखान्यासाठी असो, बाजारासाठी असो किंवा लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी असो, सोलापूरचीच वाट धरतो. परंतु तेथील जुन्या किल्ल्याच्या तटाजवळून जाताना हे स्थळ एके काळी लग्नाच्या आंदणात घातले गेले होते, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येत असेल.

सन १५२४ च्या सुमारास विजापूरचा इस्माईल आदिलशहा व अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) बुऱ्हाण निजामशहा हे सोलापुरी एकमेकांस भेटले. वैर मिटावे म्हणून इस्माईलची बहीण मरियम हिचे लग्न बुऱ्हाणाशी लावण्यात आले व नवरीबरोबर सोलापूरचा किल्ला साडेपाच परगण्यांसह द्यावा असे ठरले. नवरी गेली, किल्ला काही गेला नाही. त्या राहिलेल्या आंदणापायी पुढे सुमारे चाळीस वर्षे दोन्ही दरबारांत वारंवार लढाया झाल्या, आणि परंडा व नळदुर्ग यांच्या आसपासचा आपला मुलूख त्या ओढाताणीत भरडला गेला. नंतर तोच डाव उलट बाजूने मांडला गेला. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली. तिचा जन्म १५५० च्या सुमाराचा, म्हणजे ती तेव्हा चौदा वर्षांच्या आतबाहेरची असावी. तिच्याबरोबर सोलापूर विजापूरकरांकडे गेले, आणि अलीची बहीण अहमदनगरचा राजपुत्र मुर्तझा यास देण्यात आली. आपल्या खेड्यांतील भाषेत बोलावयाचे तर हे साटेलोटे झाले. या सोयरिकीने जुळलेल्या सुलतानांनी १५६५ साली राक्षसतागडीच्या रणांगणावर विजयनगरचा पाडाव केला.

शंभर वर्षे गेली नाहीत तोच आपल्या प्रांतातील दुसरे एक स्थळ असेच दिले गेले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार १६६१ साली झाला. त्यात वीस लक्ष क्रुझादो नाणी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजियर आणि मुंबईचे बेट अशी देवघेव ठरली. हुंड्याची रक्कम एकदम जमेना, तेव्हा तिचा काही भाग साखर व मसाले यांच्या रूपाने जहाजावर चढविला गेला! मुंबई ताब्यात घेण्यास इंग्रज शिपाई १६६२ साली आले. परंतु गोव्याचा पोर्तुगीज अधिकारी ती सोडण्यास राजी होईना. ते शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पडून राहिले आणि त्यांतील बहुतेक तेथेच रोगाने मेले. त्यांचा सेनापतीही मेला. उरलेल्यांनी १६६५ साली मुंबईचा ताबा घेतला, आणि पुढे तीनच वर्षांनी राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली.

आमच्या वाचकांस येथे पवित्र शास्त्रातील गेजेर नगराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पहिल्या राजांच्या पुस्तकात सांगितले आहे की, मिसरच्या फारोने ते नगर जिंकून जाळले, तेथील कनानी लोकांस ठार केले, आणि मग शलमोनास दिलेल्या आपल्या कन्येला ते आंदण म्हणून दिले. त्या कन्येचे नाव शास्त्रात नाही. नगराचे आहे.

गेजेर, सोलापूर, मुंबई. तिन्ही ठिकाणी मुलीस कोणी विचारले नाही, हे उघड आहे. परंतु मुंबईच्या कोळ्यांस व भंडाऱ्यांस तरी कोणी विचारले? सोलापूरच्या विणकरांस व कुणब्यांस कोणी विचारले? जो बाप आपल्या लेकीस न विचारता देऊ शकतो, तोच राजा म्हणून आपली रयतही न विचारता देऊ शकतो. ह्या दोन गोष्टींचे मूळ एकच आहे असे आम्हांस वाटते. आपला नळदुर्ग जिल्हासुद्धा निजामाने कर्जापोटी १८५३ साली कंपनीच्या हवाली केला होता व तो १८६० साली परत आला. त्या सात वर्षांत आपल्या पणजोबांच्या पणजोबांचे मत कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही.

आता आमचा प्रश्न असा की, शांतीसाठी मनुष्य देता येतो काय? याचे उत्तर घाईने देऊ नये. ज्यांनी आपल्या मुली दिल्या ते सर्व राक्षस नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, लढाई झाली तर हजारो माणसे मरतील, उभी पिके जळतील, गावे ओस पडतील; हे सारे एका मुलीच्या अश्रूंनी टळत असेल तर तो सौदा वाईट कसा? शिवाय राजपुत्रासही कोठे विचारीत? तोही बांधलेलाच. आणि मुलीला अन्नवस्त्राची, दासदासींची, दागदागिन्यांची वाण तरी पडत नव्हती. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, विहिरीचा तळ दिसू लागतो आणि घरात धान्य उरत नाही, तेव्हा अशा घरातील मुलीस महालातील दुःख ऐकवून काय उपयोग? ही बाजू हलकी नाही.

प्रथम पाहावयाचे ते हे की, असे विकत घेतलेले सख्य टिकते काय. सोलापूरचे उदाहरण वर आलेच आहे. युरोपातही तेच. फ्रान्स व स्पेन यांच्यात १६५९ साली तह झाला व दुसऱ्या वर्षी स्पेनच्या राजाची मुलगी मारिया तेरेसा फ्रान्सच्या चौदाव्या लुईस दिली गेली. तिने बापाच्या राज्यावरील हक्क सोडावा व त्या बदल्यात पाच लक्ष सुवर्णनाणी हुंडा मिळावा असे ठरले. स्पेनच्या तिजोरीत तेवढे धन नव्हते. हुंडा थकला, आणि हुंडा थकला म्हणून हक्क सोडल्याचे बंधनही सुटले, असे म्हणून लुईने १६६७ साली सासऱ्याच्या मुलखावर सैन्य घातले. सासरा त्यापूर्वीच वारला होता, गादीवर पाच वर्षांचा मेहुणा होता. हा मेहुणाही अशाच जुळवाजुळवीच्या लग्नांचे फळ होय. घराण्याबाहेर राज्य जाऊ नये म्हणून काका-पुतणीची लग्ने लावीत गेले. त्याचे आईबापही मामा-भाची होते. तो जन्मभर आजारी राहिला व १७०० साली निपुत्रिक वारला. त्याच्या वारशासाठी १७०१ पासून १७१४ पर्यंत अर्धे युरोप लढत होते.

तथापि, केवळ ह्या हिशेबावर आम्ही प्रश्न सोडू इच्छित नाही. कारण उद्या कोणी म्हणेल की, अमक्या लग्नाने खरोखरच पन्नास वर्षे शांतता नांदली, आणि तसे कोठे कोठे झालेही असेल. मग तेवढ्याने ते देणे योग्य ठरेल काय? जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, कोणाही मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये. येथे ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शेतकरी मजुराच्या हातांचा उपयोग करून घेतो, आजारी माणूस वैद्याच्या विद्येचा. यात पाप नाही, कारण मजुरास व वैद्यास विचारलेले असते आणि त्यांना नाही म्हणता येते. जेथे नाही म्हणण्यास जागाच नसते, तेथे मनुष्याची वस्तू होते.

यास कोणी त्याग म्हणतात. आम्हांस तो शब्द येथे खटकतो. त्याग हा स्वतःचाच करता येतो. ज्या प्रभूस आपण मानतो त्याने स्वतःला दिले. दुसऱ्याला पुढे करून तो मागे उभा राहिला नाही. बाप मुलीस देऊन ‘मी मोठा त्याग केला’ असे म्हणू लागला, तर त्याला विचारावे लागेल की, बाबा, परमुलखात कोण गेले? शौल राजाने आपली मुलगी मीखल दाविदाला दिली ती त्याच्या गळ्याचा फास व्हावी म्हणून. ती तर दाविदावर प्रीती करीत होती. पुढे बापाने तिला दुसऱ्या घरी दिली, आणि राज्याची बोलणी सुरू झाली तेव्हा दाविदाने तिला परत मागितली. तो दुसरा नवरा तिच्यामागून रडत रडत चालत आला, त्याला दरडावून परत पाठविले. तिचे स्वतःचे काय म्हणणे होते, हे त्या वेळी कोणी विचारल्याचे शास्त्र सांगत नाही.

साटेलोट्याची गोष्ट वर निघाली आहे, तर त्याविषयीचा एक प्रसंग विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण तो आमच्या वाचकांस फार ओळखीचा वाटेल. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर बिदासोआ नावाची नदी आहे व तिच्या पात्रात एक चिमुकले बेट आहे. सन १७२२ च्या जानेवारीत त्या बेटावर मुलींची अदलाबदल झाली. स्पेनची मारियाना व्हिक्टोरिया फ्रान्सच्या पंधराव्या लुईसाठी गेली. तिला चौथे वर्षही पुरे झाले नव्हते. फ्रान्सकडून लुईझ एलिझाबेथ ही बारा वर्षांची मुलगी स्पेनच्या युवराजास दिली गेली, आणि तिची एक धाकटी बहीणही पुढे दुसऱ्या राजपुत्रासाठी स्पेनात पाठविण्यात आली. तीन वर्षे झाली. फ्रान्सचा राजा आता पंधरा वर्षांचा होता, त्याला लवकर वारस हवा होता, आणि नवरी अवघी सात वर्षांची. दरबाराने ठरविले की, हिला परत पाठवावे. तुझ्या आईबापांस तुला पाहावयाचे आहे, एवढेच त्या पोरीस सांगितले, असे म्हणतात. १७२५ साली ती परत निघाली. स्पेनने हा अपमान मानला व ताबडतोब त्या दोघी फ्रेंच मुलींस परत धाडले. त्यांपैकी थोरली तर तोवर विधवा झाली होती, वय पंधरा. त्या दोघींचा या भांडणात काय अपराध होता? ‘तुमची पाठवलीत, ही घ्या आमची’ हे बोलणे राजवाड्यात फ्रेंच भाषेत झाले असेल, आपल्याकडे ते वेशीत उभे राहून मोठ्याने होते, एवढाच भेद. बांधाच्या भांडणापायी केलेले साटेलोटे असे उसवते तेव्हा एका घरची सून माहेरी येते, आणि दुसऱ्या घरी सुखाने नांदत असलेली सूनही भरल्या ताटावरून उठविली जाते. हे आम्ही पाहिले आहे, आमच्या वाचकांनीही पाहिले असेल.

अशा वेळी वडील मंडळींचे नेहमीचे एक उत्तर असते. ते म्हणतात, आमच्या आईला कोणी विचारले होते? तरी नांदली ना? संसार केला ना? हे उत्तर ऐकावयास साधे वाटते, पण आमच्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ यातच आहे.

चांदबिबीचे पुढे काय झाले ते पाहा. १५८० साली तिच्या नवऱ्याचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या बसला व राज्याचा भार हिच्यावर आला. एका महत्त्वाकांक्षी सरदाराने तिला सातारच्या किल्ल्यात कैदेत टाकले. तेथून ती सुटली. पुढे ती माहेरी अहमदनगरास गेली. तेथे १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा बुरखा घालून, हाती तलवार घेऊन ती खिंडारात उभी राहिली व रातोरात तट बांधवून घेतला. अखेर वऱ्हाड देऊन तिने नगर वाचविले. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. ही शत्रूशी बोलणे करीत आहे अशी हूल उठली आणि १६०० साली तिच्याच माणसांनी तिला ठार केले. नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणारे मेडोज टेलर यांनी पुढे तिच्यावर इंग्रजीत एक कादंबरी लिहिली. ती १८७८ साली निघाली. आपल्या मुलखाच्या इतिहासात तिच्या तोडीच्या स्त्रिया थोड्याच.

आता कोणी म्हणेल की, पाहा, तिला विजापुरास दिले म्हणून तर तिचे शौर्य प्रकट झाले; म्हणजे ते देणे योग्यच होते. हा तर्क आम्ही मान्य करीत नाही. खिंडारात उभी राहिली ती चांदबिबी. हुसेन निजामशहा नव्हे. त्याने तिला दिली ती सोलापूरच्या किल्ल्याबरोबर, रामरायाविरुद्ध दोस्ती जोडण्यासाठी. तिने आपल्या हिमतीने जे मिळविले त्याची जमा बापाच्या खात्यात कशी घालता येईल? आणि तिच्याच वयाच्या ज्या मुली तशाच दिल्या गेल्या व मुकाट्याने झिजून गेल्या, त्यांची नावे तर कोठेच नाहीत. त्यांचा खर्च कोणाच्या खात्यात लिहावयाचा? कॅथरीनचेही तसेच. नवऱ्याने तिच्यादेखत दुसऱ्या स्त्रिया राजवाड्यात आणून ठेवल्या. तिला मूल झाले नाही. परधर्मीयांच्या देशात तिच्यावर राजाला विष घालण्याच्या कटाचा आळसुद्धा घेण्यात आला. तरी ती तग धरून राहिली, नवऱ्याच्या मरणानंतर मायदेशी परतली, आणि भावाच्या आजारपणात तिने पोर्तुगालचा राज्यकारभार चालविला. ‘नांदली ना?’ असे तिच्या बाबतीतही म्हणता येईल. नांदणे हा नांदणारीचा सद्गुण आहे. देणाऱ्याची ती पावती होत नाही.

आपल्या जिल्ह्याला २०२३ पर्यंत ज्यांचे नाव होते त्या मीर उस्मान अली खान निजामांच्या घरातही असेच घडले. तुर्कस्तानात १९२४ साली खिलाफत बरखास्त झाली व खलिफाचे कुटुंब देशोधडीस लागले. निजाम त्यास तनखा पाठवीत असत. सन १९३१ च्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या नीस शहरी खलिफाची कन्या दुर्रुशेहवार ही निजामांच्या थोरल्या पुत्रास, आणि त्याच घराण्यातील निलोफर ही धाकट्या पुत्रास देण्यात आली. एक सतरा वर्षांची, दुसरी पंधरा. जगातील अत्यंत श्रीमंत घराणे व इस्लामी जगातील अत्यंत मानाचे घराणे एक व्हावे, असा त्यामागील हेतू. त्या हेतूचे काहीच झाले नाही. हैदराबादचे राज्य १९४८ साली संपले आणि दोन्ही संसारही मोडले. परंतु निलोफर हिची एक दासी बाळंतपणात उपचारावाचून मेली, तेव्हा तिने बायकामुलांसाठी दवाखाना काढण्याचा ध्यास घेतला, आणि हैदराबादेतील त्या दवाखान्यास आजही तिचे नाव आहे. दुर्रुशेहवार यांच्या नावाचाही दवाखाना तेथे चालतो. ज्यांना कोणी विचारले नाही त्यांनी दुसऱ्यांची विचारपूस केली. हे पुण्य त्यांचे आहे, लग्न जुळविणाऱ्यांचे नव्हे.

आपल्या मंडळ्यांत किल्ले व बेटे कोणी आंदण देत नाही. १९६१ पासून हुंडा कायद्याने बंद आहे, म्हणून ‘आम्हांला काही नको, तुमच्या मुलीला जे द्यावयाचे ते द्या’ असे गोड बोलून तोळे, मोटारसायकल व पंगतीचा खर्च वसूल होतो. त्याहून एक वाईट गोष्ट आहे, तीविषयी फारसे बोलले जात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलास अर्धा कोयता म्हणतात. मग उचल पुरी मिळावी म्हणून मुलाचे लग्न उरकतात, आणि मुलीच्या घरी, मागे एकटी कोणापाशी ठेवावी, या काळजीने अठरा वर्षांची वाट न पाहता तिला देऊन टाकतात. आईबापांची ती काळजी खोटी नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ती मुलगी अर्धा कोयता पुरा करण्यास गेली, ही गोष्टही खोटी नाही.

रिबकेची कथा आपण उपदेशात पुष्कळदा ऐकली आहे. अब्राहामाचा सेवक आला, भाऊ व बाप राजी झाले, बोलणे ठरले. आणि तरीही निघतेवेळी त्या मेंढपाळांच्या घरात मुलीस बोलावून विचारले की, तू या मनुष्याबरोबर जातेस काय, आणि तिने आपल्या तोंडाने जाते म्हणून सांगितले. खरे आहे की, तोपर्यंत तिच्या हातात सोन्याच्या बांगड्या पडल्या होत्या, आणि तेव्हा नाही म्हणणे सोपे नसावे. तरी विचारले. व्हर्सायच्या व विजापूरच्या महालांत एवढेही झाले नाही.

आपल्या उपासनालयांत लग्नाची घोषणा तीन रविवार वाचली जाते व कोणाची हरकत असल्यास कळवावी असे साऱ्या मंडळीस सांगण्यात येते. मुलीचीच हरकत असेल तर ती तिने कोठे सांगावी, याची सोय मात्र नाही. वेदीपुढे आम्ही तिला प्रश्न करतो खरा, पण तेव्हा मांडव पडलेला असतो, आचाऱ्याने चुली पेटविलेल्या असतात आणि पाहुण्यांची गाडी येऊन उभी असते. म्हणून घोषणेसाठी नावे लिहून घेण्यापूर्वी पाळकाने व पाळकीणबाईंनी मुलीशी वेगळे बसून बोलावे. तेथे बाप नसावा, मामा नसावा, मध्यस्थ तर मुळीच नसावा. काही वर्षांपासून आम्ही असे करीत आलो आहोत. बहुतेक मुली हसतात व लाजून हो म्हणतात. काही ‘बाबा म्हणतील तसे’ म्हणून खाली पाहतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे लागते. मागे एकीने सांगितले की, स्थळ चांगले आहे, पण माझी नर्सिंगची शेवटची परीक्षा होऊ द्या. वराकडील मंडळी थोडी रुसली. मुलाने मात्र थांबतो म्हणून कळविले, आणि लग्न पुढच्या वर्षी मे महिन्यात झाले.